आठ वाजताची गोळी

संघपाल,
तू रातपाळी करून झोपला होता, म्हणून उठवलं नाही. मी ऑटोनं दवाखान्यात चालली. कालपासून संडास काळी होऊन राहिली. मेडिकलवाला म्हणे, गुडघ्याच्या गोळीसोबत अ‍ॅस्पिरिन घेतली तर पोटात रक्त वाहू शकते, दोन्ही थांबवा अन् आजच डॉक्टरले दाखवा.

अ‍ॅस्पिरिन तुह्या बाबाच्या उरलेल्या पाकिटातली होती. ते गेल्यापासून मीच घेऊन राहिली. त्याईच्या मोबाईलचा अलार्म अजून रोज सकाळी आठले वाजते, अन् घरात ते गोळी घेणारं कोणी नसते.

वरण कुकरात आहे, गरम करून घेजो. गोळ्याइचं पाकीट फेकून दे.
अलार्म मात्र बंद करू नको.

आई