मटण भिजत घालायच्या आधी

१४ नोव्हेंबर, दुपारी ३.१०
बॅग पाण्यात पडता पडता वाचली. पकडली हॉटेलच्या माणसाने. पण ओरडलो मी, म्हणून त्याला कळलं. बोटीतून पायरीवर येताना मी घसरलो असं त्याचं म्हणणं. मी घसरलो नाही. पायरीवर शेवाळ होतं. व्हेनिसमध्ये जन्मलेला माणूस पायरीवरून घसरत नाही.

माणसाचं नाव ड्रितान. अल्बेनियाचा, पन्नाशीचा. बॅगेवरचं नाव वाचून जरा थांबला. एर्मान्नो बुझेत्तो. म्हणाला, "आडनाव इथलं." म्हटलं, "माणूसही इथलाच." मग तो माझ्याकडे बराच वेळ बघत राहिला. आदर असावा.

हॉटेल बरं आहे. अकरा खोल्या, कालव्यावर उघडणारं दार, लॉबीत अंजिराचा वास मुद्दाम सोडलेला. उशांचं मेन्यूकार्ड आहे. आठ प्रकार.

काउंटरवरच्या मुलीने इंग्लिशमध्ये स्वागत केलं आणि शहराचा नकाशा हातात ठेवला. मी आमच्या बोलीत म्हणालो, मी काही फोरेस्तो नाही. तिला शब्द कळेना. वेरोनाची आहे. बाहेरच्या माणसाला आम्ही फोरेस्तो म्हणतो, हे बाहेरच्यांना कुठून कळणार. नकाशा टोपलीत टाकला.

संध्याकाळी ६
फियोरेल्लाला मेसेज केला. "शहरात आहे. हॉटेलात, खोली सात. बावीसपर्यंत." दोन निळ्या खुणा लगेच. उत्तर नाही. धाकटी बहीण माझी. आनंद लगेच दाखवायची तिला सवय नाही.

ठराव: आपण होऊन फोन करायचा नाही. वाइन रोज एकच ग्लास.

रात्री जेवताना दोन. प्रवासाचा दिवस धरत नाही.

१५ नोव्हेंबर
हिशेब सोपा आहे. एकवीसला सालुतेच्या देवळाचा सण. देवळात मेणबत्ती लावायची आणि घरी जाऊन कास्त्रादीना खायचा. धुरावलेलं खारवलेलं मटण तीन दिवस आधी भिजत घालतात, उकळतात, पाणी फेकतात, पुन्हा उकळतात. शेवटी कोबी. म्हणजे मटण अठराला भिजणार. म्हणजे ताटं किती ते अठराच्या आत ठरणार. म्हणजे फोन अठराच्या आत येणार.

आई सतरालाच सगळ्यांना विचारून घ्यायची. एकदा मटण भिजलं की नंतर पोप दारात आला असता तरी तिने त्याला पान वाढलं नसतं.

फियोरेल्लाला मीठ मात्र कधी जमलं नाही. एक उकळी कमी देते. आळस. मी काही बोलणार नाही, गुपचूप खाईन.

जेवण झालं की ती खोलीचा विषय काढेल. आईची खोली मार्चपासून रिकामी. खिडकीतून जहाजं दिसतात. नवरा गेल्यापासून फियोरेल्ला जुदेक्का बेटावरच्या त्या घरात एकटी. म्हणेल, मान्नो, ये की इकडेच राहायला. मी दोनदा नाही म्हणणार. लगेच हो म्हटलं तर किंमत राहत नाही.

मिलानचं घर महिनाअखेर सोडतो असं मालकाला कळवून टाकलंय. दूरदृष्टी.

१६ नोव्हेंबर
सकाळी पायी निघालो. नकाशाशिवाय. चाळीस मिनिटांनी त्याच विहिरीपाशी आलो. मग दुसऱ्या गल्लीने गेलो, ती पाण्यात संपली. पूर्वी संपत नव्हती. एका म्हातारीला रस्ता विचारला, म्हणजे विचारला नाही, खात्री करून घेतली. ती म्हणाली, "सगळेच हरवतात हो इथे, पहिल्यांदा आलात का?" बाई नक्की मेस्त्रेची असणार, खाडीपलीकडची.

ड्रितानने ओले बूट घेतले, आत कागद कोंबून परत आणले. काम नीट करतो. विचारलं, राहतोस कुठे? म्हणाला, "जुदेक्कावर, साहेब. एका बाईंकडे. त्यांच्या आईची खोली होती ती, या मे महिन्यात मला दिली. खिडकीतून जहाजं दिसतात."

जुदेक्कावर तसल्या खोल्या शंभर असतील.

१७ नोव्हेंबर
फोन नाही. अजून एक दिवस आहे.

मार्चमधलं ती मनात धरून बसली असेल असं मला वाटत नाही. आईच्या मातीला मी आलो नाही कारण धुकं होतं. गाड्या चालू होत्या, पण धुकं होतं. आई सहा वर्षं अंथरुणाला होती, त्यात मी दोनदा येऊन गेलो. मिलानहून अडीच तास लागतात, ते काही कमी नाहीत. आणि फूलचक्र मी पाठवलं होतं. सगळ्यांत मोठं. दुकानदाराने फोटो पाठवला होता, तो अजून फोनमध्ये आहे.

काउंटरवरची मुलगी म्हणाली, "सर, एकवीसला आपल्याकडे खास जेवण आहे. अस्सल इथला पदार्थ, कास्त्रादीना. नाव घालू?" मी हसलो. म्हटलं, पोरी, मी तो घरी खातो.

ग्लास तीन. ठराव उद्यापासून.

१८ नोव्हेंबर, सकाळी ११
आज.

दुपारी १
फोन चार्जिंगला. आवाज पूर्ण वाढवलाय.

दुपारी ४.३०
माझ्याकडून तिला फोन लागला. खिशात बटण दाबलं गेलं असणार. (फोन टेबलावर होता, पण टेबलावरही दाबलं जातं.) अकरा रिंगा. उचलला नाही. हात मटणाचे असतील.

संध्याकाळी ७
सुचलं. शेवटी सूपच आहे. ऐन वेळी माणूस वाढला तर पाणी वाढवता येतं. बोलवायची घाई तिला नाही ती त्यामुळेच.

१९ नोव्हेंबर
सहज पाय मोकळे करायला जुदेक्काला गेलो. बोटीने. सहज आमच्या दारावरून गेलो. जिन्यात मटणाच्या उकळीचा वास. दोन मिनिटं उभा राहिलो, गुडघ्यामुळे.

बेलवर पूर्वी दोन नावं होती. वर झाने, म्हणजे फियोरेल्लाचा नवरा. खाली बुझेत्तो, म्हणजे आम्ही. आता वर झाने, खाली प्रेंगा. बुझेत्तोची पट्टी काढलेली, स्क्रूची भोकं तशीच. तळमजल्यावर कुणीतरी भाडेकरू आला असेल आणि चुकून आमच्या जागी नाव लावलं असेल. राहायला आल्यावर पहिलं काम हे करायचं.

बेल दाबली नाही. न बोलावता जाणाऱ्यांतला मी नाही.

२० नोव्हेंबर
लॉन्ड्रीवाल्याच्या कागदावर ड्रितानने सही केली. प्रेंगा. अल्बेनियात हे आडनाव बरंच असावं.

त्याला उद्या सुट्टी आहे. विचारलं, सणाचं काय? जरा घुटमळला. म्हणाला, "बाईंकडेच जेवायचं, साहेब. मटण आमच्या किनाऱ्यावरचं, मीच मागवतो. कोबी त्यांचा." मग म्हणाला, "साहेब, तुम्ही त्यांना एकदा सरळ... माफी वगैरे..." मी त्याला तिथेच थांबवलं. चांगल्या हॉटेलात नोकर माणसं फार जवळ येतात. अभिप्रायाच्या कार्डावर तशी तक्रार लिहिली. मग कार्ड फाडलं.

नवा बेत. सालुतेला जायला मोठ्या कालव्यावर दोन दिवसांचा पूल टाकतात. सगळं शहर त्यावरून जातं. सकाळी दहापासून मी पुलाच्या तोंडाशी उभा राहणार. चारचौघांत भेट झाली की तिला घरी चल म्हणावंच लागेल. राखाडी कोट. वाइन नाही.

२१ नोव्हेंबर, दुपारी ४
क्रमाने लिहितो.

दहा ते बारा पुलापाशी उभा. थंडी. हजारो माणसं गेली, ती नाही. एका कुटुंबाने त्यांचा फोटो काढून द्यायला सांगितला. इंग्लिशमध्ये. काढून दिला. चांगला आला.

सव्वाबाराला पूल ओलांडला. मेणबत्ती घेतली. आत एक माणूस हातातून मेणबत्त्या घेतो, पेटवून खोचतो, आणि मागच्यांना जागा हवी म्हणून पुढच्या काढून विझवतो. माझी मी मोजली. एकोणीस सेकंद.

बाहेर आलो तर पायऱ्यांवर फियोरेल्ला. काळा कोट, हातात तळलेल्या गोड गोळ्यांचा गरम पुडा, दुसरा हात ड्रितानच्या हातात. ड्रितानने मान खाली घातली.

ती म्हणाली, "मान्नो. केस गेले की रे सगळे."

म्हटलं, दोन तास पुलापाशी उभा होतो तुझ्यासाठी.

ती हसली. आईसारखी, नाकातून. "पुलापाशी? जुदेक्काची माणसं पुलावरून कधी आली रे? बोटीने झात्तेरेच्या धक्क्याला उतरायचं, मागच्या बाजूने यायचं. आईचं बोट धरून येत होतास तू. तेही विसरलास?"

पूल समोरच्या काठावरून येणाऱ्यांसाठी. आम्ही बेटावरून याच काठाला उतरणारे. मला माहीत होतं. म्हणजे माहीत असायला हवं होतं.

म्हणाली, "उशा आठ प्रकारच्या आहेत म्हणे. झोप लागते का?"

मी फूलचक्राचं काढलं. का काढलं माहीत नाही.

"आलं होतं ना. दारातून आत जाईना. दोन दिवस जिन्यात पडून होतं. शेजारी आईचं शेवटचं दर्शन घ्यायला यायचे ते भिंतीला अंग घासत वर यायचे. शेवटी ड्रितानने, तेव्हा शेजारीच राहायचा हा, करवतीने दोन तुकडे केले." मग हळू म्हणाली, "ती विचारायची रे. शेवटपर्यंत. मान्नो कुठवर आला? मी सांगायचे, गाडीत बसलाय."

मी म्हटलं, सूप आहे, पाणी वाढवता येतं.

म्हणाली, "पाण्याला काय तोटा आहे इथे."

तेवढ्यात तिची कुणी शेजारीण आली. माझ्याकडे बघून म्हणाली, "कोण गं हे?"

फियोरेल्ला म्हणाली, "फोरेस्तो. ड्रितानच्या हॉटेलातले."

आणि तिघं झात्तेरेच्या दिशेने गेली. मागच्या बाजूने.

हॉटेलात आलो. म्हटलं, ते खास जेवण, एक पान. वेरोनाची मुलगी फार गोड बोलली. "सॉरी सर, नावं अठरालाच बंद झाली. काय आहे, मटण तीन दिवस आधी भिजत घालावं लागतं. ही इथली फार जुनी पद्धत आहे."

इंग्लिशमध्ये समजावून सांगितलं तिने. मी ऐकून घेतलं. सँडविच खाल्लं.

२२ नोव्हेंबर, सकाळी ८
दाराशी काचेची बरणी होती, फडक्यात बांधलेली. आत कास्त्रादीना, एका माणसापुरता. चिठ्ठीवर तिचं अक्षर. "बरणी ड्रितानकडे दे." बाकी काही नाही.

गार खाल्ला, चहाच्या चमच्याने, पलंगावर बसून. बरणी बेसिनमध्ये शाम्पूने धुतली. वास जायला तीनदा धुवावी लागली.

नऊ चाळीसची गाडी. काउंटरवर नकाशा मागितला. मुलीने स्टेशनपर्यंत पेनाने रेघ मारून दिली.

ड्रितानने बॅग बोटीत ठेवली. मी बरणी दिली. त्याने विचारलं, काही निरोप?

म्हटलं, मीठ बरोबर होतं.