बंबाची घंटा

२ एप्रिल २०१३

आजपासून आमचा बंब पाणी वाहणार! टँकर पुरेनात, म्हणून वरून हुकूम आला. आमच्या अग्निशमन केंद्राचे प्रमुख सुंदरराव दिवसभर कपाळाला आठ्या घालून बसले — "बंब कायम भरलेला पायजे. तो काय लग्नाचा टँकर हाय का?" पण हुकूम तो हुकूम. सहकारी कारखान्याने आपली विहीर खुली केलीय. ऊसच नाही, तर गाळप कधीच आटोपलं. सुग्रीव गाडी चालवणार, मी पाइप धरणार. भरती झालो आग विझवायला आणि भरतोय हंडे. हरकत नाही. गल्ली आपलीच, माझं घरही केंद्राच्या पलीकडेच.

५ एप्रिल

बंब कधी येईल ते कळत नाही, म्हणून बायका सकाळपासून उन्हात ताटकळतात. सुग्रीवने तोड काढली — बंब आला की केंद्राची घंटा बडवायची. घंटा निजामाच्या वेळची, वर उर्दू अक्षरं. आज वाजवली आणि सगळी गल्ली घागरी घेऊन धावत आली. झकास काम झालं!

छबुबाई तेवढी चिडली. म्हातारीचे मालक केंद्राच्या पहिल्या तुकडीतले. तेव्हा बैलगाडीवर हातपंप होता, दोघं समोरासमोर उभे राहून दांडा हाणायचे. "ती घंटा पान्याची न्हाई, आगीची हाय. वाजली की आमी बाया उंबऱ्यात भरला तांब्या ठिवायचो. गडी परत आला की पयलं ते पानी प्यायचा. तवर त्याला कुनी हात लावत नव्हतं." सुग्रीव हसला. मीही हसलो. तुमच्या पाण्याला टायरचा वास येतो, असंही म्हणाली. ते मात्र खरं आहे.

१९ एप्रिल

लिहायला हात होत नाही.

दुपारी फोन आला — सोसायटीच्या चारा छावणीत आग. बंब नुकताच भरून आणला होता, नशीब. मी पळत जाऊन घंटा वाजवली. आग म्हटलं की घंटा, ही केंद्राची रीतच. आणि गल्ली भरली! हंडे, कळशा, प्लास्टिकचे ड्रम, सगळं बंबापुढे. सुग्रीव भोंगा वाजवतोय, मी ओरडतोय, "सरका, आग लागलीय!" कोण ऐकतो? शेजारच्या कौशल्याबाईने तर तोटीलाच हंडा लावला. तिचं तरी काय चुकलं? दोन आठवडे आम्हीच तिला शिकवलं, घंटा म्हणजे पाणी.

पोहोचलो तेव्हा कडब्याच्या गंजी संपल्या होत्या. दावणीची एक बैलजोडीही. त्यांचा धनी अर्जुनराव, कासरा हातात धरून बसला होता. त्याने शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

२० एप्रिल

बंबाचं पाणी बंद. सुंदररावांनी भांडून हुकूम फिरवला. मग घरोघर गेले — "घंटा वाजली की रस्ता मोकळा करायचा. भिंतीला चिटकून उभं ऱ्हायचं." छबुबाई त्यांच्या मागोमाग. ते दारातून हलले की ही आपली तांब्याची गोष्ट सुरू करायची.

२६ एप्रिल

टँकर आठवड्याने येतो. केंद्रात बंब काठोकाठ भरलेला उभा. जाता-येता बायका त्याच्याकडे बघतात, आमच्याकडे बघत नाहीत. रात्री वाढताना शिवकांता म्हणाली, "आवो, तुमच्या बंबाला तहान लागती का?" बायकोच ती, नेमकं दुखतं तिथंच बोट ठेवणार. जेवण गेलं नाही.

४ मे

कापसाच्या जिनिंगमध्ये सरकी पेटली. घंटा वाजवली आणि हंडे दिसतील म्हणून मागे वळून पाहिलं. पण रस्त्यावर चिटपाखरू नाही! सगळे भिंतीला. बंब सुसाट निघाला, गोदाम वाचलं. सुग्रीव तिथंच रडला, येडा.

घरी आलो तर उंबऱ्यात भरलेला तांब्या. आत रांजण कोरडा ठणठणीत. शिवकांताला विचारलं, तर म्हणाली, "प्या आधी." निम्मं प्यालो, निम्मं तिला दिलं.

५ मे

सुंदरराव सकाळपासून वरच्या साहेबांच्या दारात बसलेत म्हणे. कशाला, ते सांगत नाहीत. विचारलं तर खेकसतात.

१० मे

बंबाचं पाणी पुन्हा सुरू. सुंदररावांनीच खटपट केली होती! बंब भरून आणला, गल्लीत उभा केला. सुंदरराव म्हणाले, "आजच्या दिवस वाजीव बाबा. पानी आलंय ते लोकास्नी कळायचं कसं?"

वाजवली. कुणी आलं नाही. माणसं भिंतीला चिकटून उभी, रस्ता मोकळा. छबुबाईने विचारलं, "आग कुठं लागली?"

दारोदार उंबऱ्यात भरलेला तांब्या. कौशल्याबाईच्या दारातही.