लाल ट्रॅकवरचा हसरा माणूस

बाबा, तुमचा तो ट्रॅक पाडला. तीर्थरूप वगैरे लिहीत नाही, माझ्या हातून ते उतरणार नाही. ग्लासगोबाहेरच्या त्या मैदानावर आता फ्लॅट्स होताहेत आणि फाटकापाशी ट्रॅकच्या इतिहासाचा बोर्ड लागणार आहे. त्यावर तुमचा फोटो असेल. हेल्मेट काखेत, कपाळापर्यंत लाल धूळ आणि सगळे दात बाहेर. बोर्डाचं काम बघणाऱ्या बाईंनी मला एजवेअरहून मुद्दाम बोलावून घेतलं. म्हणाल्या, "डॅडबद्दल दोन ओळी द्या, जुनी माणसं अजून त्यांचं नाव काढतात." काढणारच. त्यांना तुमच्या घरात राहायचं नव्हतं.

बाईंनी मला सगळा इतिहास ऐकवला, जणू मी तिथे पहिल्यांदाच येत होते. आधी तिथे कुत्र्यांच्या शर्यती व्हायच्या. मग लढाईवरून परतलेल्या काही पोरांनी भंगारातल्या मोटारी आणल्या, काचा काढल्या, दारं साखळदंडांनी बांधली आणि एकमेकांना धडका देत गोल फिरायला सुरुवात केली. खाणीतून निघालेला, भाजून लाल झालेला दगड बारीक करून ट्रॅकवर पसरलेला असायचा. तिकडे त्याला ब्लेझ म्हणतात. तुम्ही बॉयलरच्या कारखान्यात नोकरीला आलात, रत्नागिरीचा माणूस, लाल माती दिसली आणि भुललात. दर शनिवारी आम्ही तिथे. आई थर्मास घेऊन बाकावर बसलेली, धूळ तिच्या निऱ्यांत जाऊन बसलेली. रविवारी ती बाथटबमध्ये ओणवी होऊन साड्या धुते आणि पाणी लाल होत जातं. तिने कधी कुरकुर केली नाही. तुमच्यासमोर कुरकुर करायची सोय होती कुठे?

या शर्यतीत पुढच्याला बंपरने ढोसून बाजूला सारायला परवानगी असते. तुम्हाला कितीदा तरी कुणी ना कुणी कुंपणात घातलं. तुम्ही चेपलेल्या गाडीतून खिडकीवाटे बाहेर यायचात आणि ज्याने घातलं त्याच्याकडे जाऊन हात पुढे करायचात. "ने हार्ड फीलिंग्ज, पॅल!" तिथल्यांसारखं 'नो'चं 'ने' करून. लोक टाळ्या वाजवायचे. मला सांगायचात, "बघ, खेळ संपला की राग संपला पाहिजे." लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. घरी आमटीत मीठ कमी पडलं तरी तुमचं ताट सरकायचं. मराठी तुम्ही मला पट्टी हातात धरून शिकवलीत, म्हणून आज तुमच्यावर चिडायलाही हीच भाषा हाताशी आहे.

आणि मग ती बायकांची शर्यत. मी कॉलेजात होते. तुमच्याच दोस्तांनी मला एक जुनी खटारा गाडी दिली, नवशिक्यांचं असतं तसं टप पांढरं रंगवलं. तुम्हाला विचारलं नाही, कारण तुम्ही नाही म्हणाला असतात. शेवटच्या वळणावर माझ्या पुढे तुमच्या जिवलग मित्राची बायको होती. मी तिला ढोसलं, अगदी तुम्ही ढोसायचात तसं, आणि जिंकले. ती कुंपणातून हसत बाहेर आली, मला मिठी मारली. माइकवाला ओरडला, "अँड हिअर्स द प्राउड फादर!" तुम्ही आलात, माझ्या हेल्मेटवर थाप मारलीत, फोटोसाठी हसलात. घरी येईपर्यंत व्हॅनमध्ये एक शब्द नाही. दुसऱ्या दिवशी मी समोर बसलेली असताना तुम्ही आईला म्हणालात, "तिला सांग, चहा गार होतोय."

तेव्हा धरलेला अबोला तुम्ही मरेपर्यंत सोडला नाहीत. कारण तरी सांगायचं होतं! विचारलं नाही म्हणून? मित्राच्या बायकोला ढोसलं म्हणून? की तुमच्या ट्रॅकवर लोक माझं नाव घेऊन ओरडले म्हणून? मी माफी मागितली, रडले, एकदा ताटही भिरकावलं. तुम्ही पेपरचं पान उलटलंत. माझ्या लग्नात मी पाया पडले तर म्हणालात, "तिला म्हणावं, सुखी राहा." हॉस्पिटलमध्ये शेवटच्या आठवड्यात एकदा आई खोलीत नव्हती, तर नर्सला सांगितलंत, "टेल हर इट्स रेनिंग. टेल हर टु टेक द अंब्रेला." मी तुमचा हात धरून बसले होते, बाबा. असा आशीर्वाद आणि अशी काळजी मला नको होती. मला फक्त "अगं" हवं होतं. आता आईही गेली, निरोप न्यायला कुणी उरलं नाही, आणि हे पाठवायला तुमचा पत्ताही नाही.

त्या बाईंना हे सगळं सांगायचं मी पक्कं ठरवून गेले होते. ट्रेनमध्ये इंग्रजीत वाक्यं जुळवली होती. ट्रॅकवर प्रत्येकाला माफ करणारा माणूस घरी कसा होता तेही बोर्डावर येऊ दे, दिव्याखालचा अंधार लोकांनाही दिसू दे. अर्धवट पाडलेल्या स्टँडपाशी उभं राहून त्यांनी विचारलं, "अँड अ‍ॅट होम? घरी कसे होते?"

मी म्हटलं, "क्वाएट."

"ऑ, ब्लेस हिम," त्या म्हणाल्या आणि त्यांनी तो शब्द कौतुकाने तसाच लिहून घेतला. आता तो बोर्डावर जाईल. घरी येताना मी स्वतःला बजावत होते की अबोल्याला इंग्रजीत शब्दच नाही, मी तरी काय करणार. पण ते काही खरं नाही. आणखी एक वाक्य बोलले असते तर त्या परक्या बाईसमोर मला रडू फुटलं असतं, आणि इतकी वर्षं मला वाटत होतं की मी तुमच्यावर फक्त चिडलेली आहे.