जोडीतला डावा नंदी

मी, कांताबाई गुणवंतराव इंगोले, वय पंच्याहत्तर, धंदा शेती व शिलाई, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा, जिल्हा यवतमाळ, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझं डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. त्या दाखल्याची गरज घरात कोणालाच वाटली नाही, फक्त गावचे माजी सरपंच बबनराव ढोल्यांना वाटली. मी कोणाच्याही दबावाखाली लिहीत नाही. माझ्यावर दबाव आणणारे एकच होते, माझे यजमान, आणि त्यांचंही कधी चाललं नाही.

कलम १. राहतं घर मुलगा प्रफुल्ल याला मिळावं. ओसरीची डावी बाजू मात्र आमच्या लाकडी नंदीची आहे. तिथे मोटरसायकल लावू नये, सोयाबीनची पोती रचू नयेत.

कलम २. माझ्या नावावरचं शेत प्रफुल्ल आणि मुलगी माधुरी यांनी निम्मं निम्मं घ्यावं. माधुरी "मले नको" म्हणेल. तरी द्यावं. ती लहानपणापासून ताटावर बसून नको म्हणते आणि दोनदा वाढून घेते.

कलम ३. शिलाई मशीन आमच्या गल्लीतल्या सुरभीला द्यावं. सुरभी दारव्ह्याच्या कॉलेजात शिकते. ती आमच्या नात्यातली नाही, म्हणून ती या कागदात कशी शिरली ते इथेच सांगते. पुढची कलमं त्याशिवाय कळायची नाहीत.

माझा नातू आयुष पाच वर्षांचा असताना त्याला रक्ताचा कॅन्सर झाला. नागपूरच्या लहान मुलांच्या दवाखान्यात त्याच्याजवळ मी राहिले. तिथेच तान्हा पोळा आला. त्या दिवशी आपल्याकडची लेकरं लाकडी नंदी सजवून घरोघर नेतात आणि बोजारा, म्हणजे नंदीच्या नावाने खाऊ-पैसे, मागतात. आयुषने सलाईन लावलेल्या हाताने माझा पदर धरला आणि "आजी, आपला नंदी आन ना" म्हणून दिवसभर रडला. आमचा नंदी सागवानी, चाकांवरचा, आयुषच्या डोक्याइतका उंच. त्याला दवाखान्यात कोण येऊ देणार?

ही गोष्ट सुरभीच्या कानावर गेली. पुढच्या वर्षी तिने आणि तिच्या वर्गातल्या संघदीपने ठरवलं, की वॉर्डातल्या लेकरांच्या वतीने कॉलेजची पोरं नंदी काढतील आणि बोजारा त्या दवाखान्याला देतील. प्रफुल्लने मला न विचारता आमचा नंदी दिला. पोरांनी ढोल्यांचाही आणला. आणि दोन्ही नंदी एका जुवाला जुंपून मारुतीच्या देवळापुढे उभे केले.

गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे, की इंगोल्यांचा आणि ढोल्यांचा नंदी एका रांगेतसुद्धा उभा राहत नाही. बबनराव सरपंच असताना तान्ह्या पोळ्याचे परीक्षक स्वतःच झाले आणि पहिला नंबर स्वतःच्याच नंदीला दिला. तेव्हापासून आमचं बोलणं बंद. मी तरातरा गेले आणि हे कोणाच्या अकलेचं काम म्हणून विचारलं.

"आजी, आमाले काय मालूम तुमचं भांडण?" सुरभी म्हणाली. "लाकडाचेच तं हायेत. एकमेकाले लाथा थोडीच मारतीन."

तेवढ्यात दुसऱ्या बाजूने बबनराव आले. "पह्यले माहा नंदी सोडा," पोरांना म्हणाले. पण संघदीपने जुवाचे नट करकचून आवळले होते आणि पाना मित्राबरोबर दारव्ह्याला परत पाठवला होता. आपला नंदी दुसऱ्याच्या भरवशावर सोडायला आम्ही दोघंही तयार नव्हतो. मग काय, डावीकडून मी निघाले, उजवीकडून ते. पहिल्याच वळणावर मी पदर सावरायला थांबले, तर ते बोलले, "काहून थांबल्या? चाला ना." इतक्या वर्षांतलं माझ्याशी त्यांचं पहिलं वाक्य.

पुढे संघदीप झडती, म्हणजे पोळ्याचं यमकाचं गाणं, म्हणत होता:

"दवाखान्यात नंदी गेला, पायात त्याच्या चाकं,
लेकरं हासून राह्यले, कायले मुरडता नाकं!"

आम्हा दोघांना एकत्र पाहायला लोक घराबाहेर आले आणि पाहण्याचा मोबदला म्हणून बोजारा टाकत गेले. ज्यांच्या हातून कधी चिमूटभर साखर सुटली नाही, त्यांनीही टाकला. तेव्हापासून दर वर्षी जोडी निघते. एका वर्षी ती राजूरपर्यंत नेली, तर तिथल्या कोळसा खाणीतल्या माणसांनीसुद्धा तिच्यापुढे खिसे रिकामे केले.

कलम ४. बँकेतल्या माझ्या ठेवीचं व्याज याच कामाला द्यावं. निम्मं वॉर्डातल्या मायबापांच्या राहण्याजेवणाला, निम्मं लेकरांच्या कॅन्सरवरच्या संशोधनाला. या दुसऱ्या निम्म्यावरून मी सुरभीशी कडाकडा भांडले होते. जे डोळ्यांना दिसत नाही त्याला बोजारा कायले? तिने वाद घातला नाही. मला थेट वॉर्डातल्या डॉक्टरीणबाईंपुढे नेऊन बसवलं. बाई म्हणाल्या, "आजी, आयुषला जे औषध लागू पडलं, ते कसं द्यायचं हे आम्हाला त्याच्या आधीच्या मुलांनी शिकवलं. त्यातली बरीच वाचली नाहीत." मी तिथेच रडले. आज आयुष लिंबाच्या झाडावर चढतो आणि माझ्या शिव्या खातो. ज्या लेकरांमुळे चढतो त्यांची नावंही मला माहीत नाहीत.

कलम ५. बबनरावांशी असलेलं भांडण मी वारसांना देत नाही. प्रफुल्लने त्यावर हक्क सांगू नये.

कलम ६. माझा नंदी, त्याची मी शिवलेली झूल आणि घुंगरांसह, झरी जामणीकडच्या सोनूला. सोनू आयुषच्या शेजारच्या खाटेवर होती. तिचा आजार वेगळा आहे. एकदा गेला आणि परत आला. त्याच्यावरचं औषध डॉक्टर अजून शोधत आहेत. यंदा जोडी टेम्पोतून थेट दवाखान्याच्या फाटकापर्यंत नेली. सोनू डोक्याला टोपी घालून बाहेर आली, दोन्ही नंदींभोवती फिरली, शिंगांना हात लावून पाहिला आणि म्हणाली, "डावा भारी हाये." डावा माझा. बबनराव म्हणाले, "लेकरू हाये, तिले काय समजते," आणि तोंड फिरवून बराच वेळ चष्मा पुसत राहिले. माझ्या आयुष्यात इतका आनंद मला क्वचित झाला असेल.

नंदी माझ्याच ओसरीवर राहील, जोडी तोडायची नाही, आणि माझ्यामागे डाव्या बाजूने दोर धरून चालायचा मान सोनूचा. वकीलसाहेब म्हणाले, वारस आपल्या आधी गेला तर म्हणून पर्यायी नाव लिहावं लागतं. मी म्हटलं, लिहिणार नाही. ती जागा कोरी राहावी म्हणूनच तर पोरं दारोदार फिरतात.

पर्यायी वारस : ______________

साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळू नये, असं वकीलसाहेबांनी सांगितलं. ते ऐकताच एक साक्षीदार कोण करायचा हे मी ठरवलं.

ठिकाण : बोरी अरब
दिनांक : २१ सप्टेंबर २०२५

सही : कांताबाई गुणवंतराव इंगोले

साक्षीदार :

१. विमलताई राऊत, शेजारी. कांताबाईंनी माझ्यासमोर सही केली.

२. बबनराव ढोले, शेतकरी. माझ्याहीसमोर केली. कलम ६ मधली एक जागा कोरी आहे, ती मी डोळ्यांनी पाहिली. ती कोरीच राहील. माझा नंदी उजवीकडे उभा आहे.