सयाजीमामांच्या गाडीचं पोट

सानपाडा,
रविवार, दुपार

तीर्थरूप सयाजीमामांना,

इंद्रजितचा वाकून नमस्कार. (वाकलेलोच होतो, बॉनेटमध्ये.) तुमची शुगर, मामींचा गुडघा आणि वाईच्या घराची गळती, तिन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे तुमची सूनबाई उज्वला मजेत, आई ठीक, आणि तुमची गाडी तिच्या मर्जीला येईल तशी. फोनच करणार होतो, पण फोनवर तुम्ही समोरच्याला बोलू देत नाही. कागदाला मध्येच तोडता येत नाही, म्हणून कागद.

डोळ्यांच्या डॉक्टरांनी तुमचं ड्रायव्हिंग बंद केलं आणि दिवाळीत तुम्ही मोठ्या मनाने गाडी भाच्याच्या हवाली केलीत, हे उपकार मी विसरू म्हटलं तरी गाडी विसरू देत नाही. किल्ली हातात ठेवण्याआधी तुम्ही तासभर तिचे गुण सांगितलेत. पंधराशे सीसी, टर्बो डिझेल, शंभर हॉर्सपॉवर, दोनशे चाळीस टॉर्क. (टॉर्क म्हणजे काय हे मी विचारलं नाही, कारण पानं वाढली होती.) दोन लाख किलोमीटर हूं की चूं करणार नाही, असं म्हणालात. खरं आहे. ती काही म्हणत नाही. नुसता दिवा लावते.

आता माझी नोकरी तुम्हाला माहीत आहे. एपीएमसीच्या धान्य बाजारात वजनकाट्यावर, घरापासून दोन किलोमीटर, मध्ये तीन सिग्नल आणि त्यांच्यासमोर ध्यानस्थ बसलेले कांद्याचे ट्रक. त्या दोनशे चाळीस टॉर्कपैकी माझ्या वाट्याला फार तर बारा आले असतील, बाकीचे गाडीने स्वतःजवळ ठेवले. शिवाय तुमची आज्ञा की चालू केल्यावर एक मिनिट आणि बंद करण्याआधी एक मिनिट इंजिन नुसतं चालू ठेवायचं, म्हणजे टर्बोला दम खाता येतो. ती मी इतक्या निष्ठेने पाळली की सोसायटीचे सेक्रेटरी सुभाषराव यांनी बोर्डावर नोटीस लावली: ज्या सभासदांना गाडीत बसून विचार करायचा असेल त्यांनी इंजिन बंद करून करावा.

तिसऱ्या महिन्यात पिवळा दिवा लागला. तुर्भ्याच्या पोपट मिस्त्रीकडे गेलो. हा माणूस गाडीला हात लावण्याआधी मालकाकडे बघतो, आणि मला बघून त्याला सगळं कळलं असावं. त्याने सांगितलं की डिझेलची काजळी एका फिल्टरमध्ये साठते. गाडी दणकून पळाली की तापते आणि काजळी आपोआप जळते. माझी गाडी पळतच नाही, तर तापणार कधी? मग त्याने ऑइलची पट्टी बाहेर काढली. ऑइल खुणेच्या वर गेलं होतं. मला आनंद झाला. (आमच्या घरात आपोआप वाढलेली ही पहिलीच वस्तू.) पोपटने माझ्याकडे डॉक्टर नातेवाइकांकडे बघतात तसं बघितलं आणि समजावलं की काजळी जाळायला गाडी जास्तीचं डिझेल घेते, मी ऐन वेळी ऑफिसात पोचून ती बंद करतो, आणि ते डिझेल खाली ऑइलमध्ये उतरतं. ऑइल पातळ झालं की टर्बो बसला, आणि टर्बो बसला की मीही बसलोच. उपाय असा: ऑइल बदलायचं, आणि दर आठवड्याला अर्धा तास, न थांबता, साठच्या स्पीडने, इंजिनाच्या फेऱ्यांचा काटा दोन हजाराच्या खाली येऊ न देता पळवायची. नवी मुंबईत न थांबता अर्धा तास. पोटदुखीच्या पेशंटला हवापालटासाठी चंद्रावर पाठवावं, तसं.

रविवारी सकाळी निघालो. आबा, म्हणजे तुमचे दाजी, गेल्यापासून अकरा महिन्यांत आई सातव्या मजल्यावरून खाली उतरली नव्हती. देऊळ, बाग, महिला मंडळ, उज्वलाने सगळं सुचवून झालं होतं. त्या दिवशी आईने फक्त एवढंच ऐकलं की सयाजीची गाडी आजारी आहे, आणि ती चप्पल घालून लिफ्टपाशी जाऊन उभी राहिली. पाम बीच रोडवर तिसऱ्या गिअरमध्ये गाडी बोंबलत पळवली. सिग्नल आला की थांबा, पुन्हा पहिल्यापासून. वाशीपासून बेलापूर, बेलापूरपासून वाशी. चौथ्या फेरीला ट्रॅफिक पोलिसाने बाजूला घेतलं. मघापासून तो मला मोजत होता. कुठे चाललात, असं त्याने विचारलं. मी खरं ते सांगितलं, की कुठेच नाही. हे उत्तर त्याला आवडलं नाही. लायसन्स त्याच्या हातात गेलं होतं, तेवढ्यात आईने काच खाली केली.

"सायेब, गाडीचं पोट साफ व्हईना," ती म्हणाली. "म्हणून जरा फिरवून आणतोय."

पोलिसाने वाकून बॉनेटकडे बघितलं. मग त्याने लायसन्स परत दिलं आणि हळूच विचारलं की फरक पडतो का, कारण त्याच्या मेव्हण्याच्या गाडीतही तोच दिवा लागतो.

तेव्हापासून दर रविवारी ही वरात. आता सिग्नल नकोत म्हणून उरणच्या रस्त्याला जातो. आई थर्मास घेऊन पुढे बसते, रस्त्याकडे नाही, काट्याकडे बघते. "इंद्रा, काटा पडला," एवढंच म्हणते, आणि मी बेचाळीस वर्षांचा गृहस्थ मुकाट्याने गिअर उतरवतो. आठवड्याची एक सुट्टी, ती तुमच्या इंजिनाच्या पचनात जाते. तेव्हा मामा, हे ऐश्वर्य मला झेपत नाही. महिनाअखेर येऊन आपली वस्तू घेऊन जावी. तिच्याविषयी तुम्ही सांगितलेला प्रत्येक शब्द खरा आहे. फक्त ती सातारा रस्त्यावर खरी आहे.

मामींना नमस्कार, आणि तुम्हाला या पत्राचा राग आलाच तर तोही एक मिनिट चालू ठेवून मग बंद करावा.

तुमचा भाचा,
इंद्रजित

ता. क. उज्वलाने पत्र वाचलं. ती म्हणते, असं मामांना लिहितात का? तिने लसणाची चटणी पाठवली आहे. तिखट आहे, पण पत्राइतकी नाही.

ता. क. दुसरा. वरचं सगळं आईला मोठ्याने वाचून दाखवलं, आबांची ओळ तेवढी गाळली. इथून पुढचं तिला ठाऊक नाही. पोपटने फिल्टर साफ करून दोन महिने झाले. दिवा पुन्हा लागलेला नाही, आणि कामावर मी चालतच जातो. आज सकाळी आईने विचारलं की दिवा दिसत नाही तो. बरी झाली असेल तर डिझेल कशाला जाळायचं, मी घरीच बसते, म्हणाली. मामा, घरात ती आबांचं नाव काढत नाही. गाडीने बेलापूर सोडलं की काढते. नवीन ट्रॅक्टर त्यांनी उसात कसा घातला, हे मी तीन रविवार ऐकलं. दर वेळी ऊस जास्त मोडतो. मी समोर बघून चालवत राहतो.

गाडी न्यायला येऊ नका. इंजिनाच्या बाबतीत आई माझं ऐकत नाही, तुमचं ऐकते. तर शनिवारी तिला फोन करा आणि सांगा की एवढं चाललेलं इंजिन घरात बसवून ठेवणं बरं नाही, त्याला दर रविवारी बाहेर काढावंच लागतं. 'इंजिन' हा शब्द मात्र विसरू नका. नाहीतर तिला कळेल.