आईच्या वळणावर

धाकटे,

आज डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितलं. गाठीच्या जनुकांत नवा बदल झालाय, त्यामुळे गोळ्या चालेनाशा झाल्यात आणि स्तनातला कॅन्सर यकृतात पोचलाय. मूळ दोष मात्र जन्मापासूनचा, आईकडून आलेला. तिलाही त्यानंच नेलं. मला हसूच आलं.

सगळे म्हणायचे, थोरली बापाच्या वळणावर गेली, धाकटी म्हणजे हुबेहूब आई. नाक तुला, केस तुला, आवाजही तुलाच. मी आरशासमोर धुसफुसायची. शेवटी मीही आईवरच गेले गं, फक्त कुणाला दिसत नव्हतं.

त्या दोषासाठीची तुझी तपासणी स्वच्छ आली, तेव्हापासून तू फोन करत नाहीस. ताईला तोंड कसं दाखवू, असं म्हणतेस म्हणे. तुझ्या नवऱ्यानं सांगितलं. वेडे, आईचं सगळं तुझ्या वाटणीला आलं. एवढं एक माझ्याकडे राहू दे.

हे पत्र काही पाठवणार नाही. वाचून रडशील आणि तिच्यासारखंच नाक लाल करून बसशील. तू फक्त फोन कर. गळक्या नळाबद्दल बोल, नवऱ्याच्या घोरण्याबद्दल बोल. मला आईचा आवाज ऐकायचाय.

तुझी,
थोरली