ग्लासांवरची साय

८ जानेवारी १९९५, रविवार

भांडी धुण्याचं मशीन उघडलं, वाफ गेली, आणि पुन्हा तेच. ताटं-वाट्या लख्ख. काचेच्या ग्लासांवर मात्र पांढुरकी साय. ओले असताना काही दिसत नाही, वाळले की उमटते. पदराने पुसलं तर आणखी पसरते. शेवटी सगळे ग्लास मोरीत घेऊन हाताने घासले. मग एवढं धूड स्वयंपाकघरात कशाला ठेवलंय?

श्रीधरभावजींनी मस्कतची नोकरी सोडून येताना सामानात आणलं. कौतुकाने म्हणाले, "वहिनी, भांडी बंद. आता फक्त गोष्टी लिहायच्या." महिना झाला. एक ओळ लिहिलेली नाही. सकाळचा लिहायचा वेळ ग्लास उजेडात धरण्यात जातो.

भावजींचे थोरले बंधू, म्हणजे आमचे वि., शेजारी येऊन उभे राहिले. एक ग्लास घेतला, नखाने खरवडला. "चुना आहे हा. आपल्या बोअरच्या पाण्यातला. पाणी उडून जातं, चुना बसतो."

वागळे इस्टेटमधली त्यांची लॅब दिवाळीत बंद झाली. तेव्हापासून घरात 'हं' आणि 'बघू' एवढंच ऐकू येतं. आज सलग तीन वाक्यं. ग्लासांचा राग थोडा कमी झाला.

११ जाने., बुध.

वि.नी व्हिनेगर आणलं. कोमट पाण्यात घालून ग्लास बुडवून ठेवले. अर्ध्या तासाने स्वच्छ, नव्यासारखे. मला हाक मारून दाखवले.

"पण हे रोज करायचं का?" मी.

"रोज कसं? मुळावर जायला पाहिजे."

भावजींना फोन केला. ते म्हणाले, मशीनच्या तळाशी एक झाकण आहे, त्यात मीठ भरायचं. पाण्यातला चुना तिथेच अडतो. आम्ही ते झाकण कधी उघडलंच नव्हतं. वेगळं जाड मीठ लागतं, ते डोंबिवलीत कुठे मिळणार? तूर्त बाजारातलं खडेमीठ घातलं.

कुंदाताई समोरच्या दारातून बघत होत्या. "मशीनला मीठ? दृष्ट काढताय की काय?"

वि. हसले. खरंच हसले.

१५ जाने., रवि.

काल संक्रांत. गुळाच्या पोळ्या जरा कडक झाल्या.

खडेमिठाने फरक नाही. वि. म्हणतात मीठच शुद्ध नाही, त्याच्यातच चुना. आणि भावजींनी दिलेली पावडर संपली. मी म्हटलं, संपली ना, मग ठेवू या मशीन झाकून. कानावर गेलं नाही. बाहेरच्या खोलीतलं माझं टेबल आता त्यांचं. माझे कागद कपाटावर. टेबलावर तराजू, बरण्या, रबरी हातमोजे. पावडर घरीच करणार. धुण्याचा सोडा आणि थोडं कॉस्टिक. एमआयडीसीतल्या ओळखीच्या माणसाकडून आणलं.

"कॉस्टिक? जेवायच्या भांड्यांना?"

"अगं, धुऊन जातं सगळं. बाहेरच्या पावडरीत तरी दुसरं काय असतं?"

चिडायला हवं होतं. पण दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून बसले होते. दिवाळीपासून पहिल्यांदा.

१८ जाने., बुध.

पाण्याचा प्रश्न त्यांच्या मते सुटला. नळाचं, म्हणजे नदीचं पाणी मऊ, त्यात चुना नावाला. ते सकाळी तासभर येतं. तेवढ्यात माळ्यावरचं पिंप भरायचं, तिथून नळी थेट मशीनला. सकाळी मी आंघोळीला थांबून राहिले, आणि पाणी चाललंय ग्लासांना.

पण ग्लास आज स्वच्छ निघाले. खोटं कशाला लिहू. वि.नी ते खिडकीत मांडून ठेवले. मला चहा करून दिला. वीस वर्षांत...

नाही, तसं नको. पूर्वीही एकदा दिला होता.

२१ जाने., शनि.

हळदीकुंकू झालं. घर आवरून कंबर गेली.

सरबत करणार होते. आयत्या वेळी मसाला दूध केलं. कारण ग्लास. बुधवारी स्वच्छ होते, आज पुन्हा धुरकट. दुधात ते दिसत नाही. बायका येईपर्यंत मी दूध आटवत आणि मनातल्या मनात मशीनला शिव्या देत होते.

धुरकटपणा या वेळी वेगळा वाटतो. पांढरा नाही. तिरपं धरलं तर रॉकेलच्या थेंबासारखे रंग दिसतात, निळा, जांभळा. वि.ना सांगितलं. म्हणाले, "सोड्याचा थर असेल. गरम पाणी कमी पडतंय. तापमान वाढवतो. पावडरही थोडी वाढवू."

थोडी म्हणजे दुप्पट. मी बघितलं.

२४ जाने., मंगळ.

आज लिहायला हात चालत नाही.

आईचे ग्लास. पातळ काचेचे, ती गेल्यावर आम्ही दोघी बहिणींनी निम्मे निम्मे वाटून घेतले. सहा माझ्याकडे, सहा कळव्याला लताकडे. मी ते कधी मशीनमध्ये घालत नाही. वि.ना माहीत आहे.

आज मशीन उघडलं तर वरच्या फळीवर तेच. सहाच्या सहा. धुक्यातून बघावं तसे.

"कधीपासून घालताय?"

"आठवडा झाला. अगं, आपले ग्लास जाड, त्यांच्यात फरक कळत नाही. पातळ काचेवर लगेच कळतं. निघेल ते, व्हिनेगरने निघेल."

बोलले असते तर फार बोलले असते. गच्चीवर जाऊन वाळत घातलेल्या पापड्या उगाच उलट्यासुलट्या केल्या. एमआयडीसीकडून तो नेहमीचा आंबूस वास येत होता.

२७ जाने., शुक्र.

लता आली होती. तिने स्वतःच कपाटातून ग्लास काढला, पाणी ओतायला. ओतलं नाही. उजेडात धरला.

"ताई, हे काय गं? माझे असे नाही झाले."

"मशीन."

"मग नको ना घालूस. आईने किती जपून..." वि. दारात उभे होते.

ते म्हणाले, "लता, महिन्याभरात नव्यासारखे करून देतो. लिहून घे."

लता त्यांना हसून म्हणाली, "भावोजी, तुमच्यावर विश्वास आहे." जिना उतरताना मात्र मला, हळूच: "ताई, तू त्यांना काहीच कशी बोलत नाहीस?"

काय सांगू हिला. हा माणूस दोन महिने भिंतीकडे तोंड करून झोपत होता. आता उठतो, कामाला लागतो, जेवताना बोलतो. ते सगळं या ग्लासांवर उभं आहे.

३१ जाने., मंगळ.

वि. बाजारात गेले होते. आईचा एक ग्लास निव्वळ व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवला, पाणी न घालता. दुपारभर. मग धुऊन, पुसून, वाळवून बघितला.

तसाच.

चुना असता तर गेला असता. पहिल्या वेळी अर्ध्या तासात गेला होता. लिंबूफूल घालून बघितलं. तसाच. काचेवर काही बसलेलं नाहीच. काचच खाल्ली गेली आहे.

हे मला यांनीच शिकवलेलं. लग्नानंतर पहिल्यांदा लॅब दाखवायला नेलं होतं. फडताळातल्या एका बाटलीला रबराचं बूच. मी विचारलं, बाकीच्यांना काचेचं, हिलाच का रबराचं? म्हणाले, "कॉस्टिक आहे. काचेला खातं. काचेचं बूच लावलं तर बसतं ते कायमचं." मी नवी नवरी, मला त्या ज्ञानाचा केवढा अभिमान वाटला होता.

म्हणजे त्यांना माहीत आहे. माहीत असून दिसत नाही. आधी कडक पाण्यातल्या चुन्याचा काचेला तेवढा आडोसा तरी होता. आता मऊ पाणी, कडक पावडर, वर उकळतं तापमान. एकेक उपाय बरोबर. एकत्र होऊन ग्लास गेले.

सांगायला हवं. आज नाही सांगितलं.

३ फेब्रु., शुक्र.

वि. शीळ घालत आले. सावे म्हणून आहेत, एमआयडीसीत साबणाची लहानशी फॅक्टरी. त्यांना पावडरीत रस आहे. "येत्या काही वर्षांत घरोघरी ही मशीनं येणार, जोशी, आपण तयार असू," असं सावे म्हणाले म्हणे. रविवारी सकाळी घरी येणार, पावडर बघायला आणि धुतलेले ग्लास बघायला.

"आईचे ठेवू या समोर. जरा हात फिरवून ठेवतेस?"

हात फिरवून. मी हो म्हटलं. मग स्वयंपाकघरात भात करपला.

४ फेब्रु., शनि.

सांगितलं.

शब्द जुळवून ठेवले होते, ते आठवलेच नाहीत. ग्लास त्यांच्या हातात दिला आणि म्हटलं, "अहो, हे निघणार नाही. व्हिनेगरमध्ये दुपारभर ठेवला होता."

"पावडर थोडी..."

"पावडरीनेच झालंय. तुमच्या त्या बाटलीला रबराचं बूच का होतं?"

बराच वेळ ग्लास फिरवत राहिले. अंगठा कडेवरून. मी वाट बघत होते, रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं, मलाही रागावता आलं असतं. आईच्या ग्लासांचा हिशोब माझ्या मनात अजून तसाच आहे.

"चोवीस वर्षं लॅबमध्ये काढली मी," एवढंच म्हणाले.

जेवले नीट. तरी मला भीती, पुन्हा भिंतीकडे तोंड करतील म्हणून. पाठीवर झोपले, डोळे उघडे. मी त्यांच्या हातावर हात ठेवला. काढून घेतला नाही. धरलाही नाही.

५ फेब्रु., रवि.

सकाळी उठून पाहते तर हातमोजे, तराजू गुंडाळून ठेवलेले. पावडरीची बरणी मात्र टेबलावर. सावेंना फोन केला का, विचारलं. "नाही." येऊ नका म्हणून सांगायचं का? "बघू."

पुन्हा ते 'बघू'. पण नंतर दाढीचा ब्रश वाजला. इस्त्रीचा शर्ट घातला.

पोहे करून ठेवलेत. ट्रे काढला. आल्याबरोबर पाणी द्यायला हवं. काचेत दिलं तर सावेंना धुकं दिसणार, स्टीलमध्ये झाकून जाईल. आईचे ग्लास आणि स्टीलचे पेले ओट्यावर शेजारी शेजारी ठेवले, रिकामा ट्रे घेऊन बाहेरच्या खोलीत जाऊन विचारलं, "पाणी कशात आणू?"

वि. खुर्चीत बसून होते. ट्रेकडे बघितलं, मग माझ्याकडे. काहीतरी म्हणणार होते. तेवढ्यात खाली स्कूटर थांबली.

जिन्यावर चपला वाजताहेत. कुंदाताई कुणाला तरी आमचं दार दाखवताहेत. वि. उठून ओट्याशी गेलेत, पाठमोरे आहेत, त्यांनी काय उचललं ते इथून दिसत नाही.